चाक आढळले नाही

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पाणसळकाकांकडे चहाला गेलं की कप आधी त्यांच्याकडे जातो. ते तो टेबलावर ठेवतात, वाकून चहाची कड बघतात, टेबलाच्या एका पायाखाली घडी केलेला कागद सारतात, पुन्हा बघतात, आणि मग म्हणतात, "हं, घ्या आता." तोवर चहा निवलेला असतो, पण सपाट असतो.

पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात ती पट्टी. मधे काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की खालची वस्तू सरळ. काकांच्या पिशवीत ती कायम असते, म्हणून इमारतीनं त्यांना हे नाव दिलं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी त्यांनी इतक्या वेळा सरळ केली की अक्षरं पुसून गेली.

त्यांचे वडील गवंडी. पोरानं उन्हात भिंती चढवू नयेत, पंख्याखाली बसून सरकारी सह्या कराव्यात, अशी त्यांची इच्छा. पोराचं डोकं मात्र बेताचं. सत्तावीस वर्षांपूर्वी जुगार नियंत्रण कचेरीनं 'चाक तपासनीस' या पदासाठी अर्ज मागवले. अर्जात एक रकाना होता, 'स्वतःचे उपकरण आहे काय?' बाकी उमेदवारांनी तिथे रेघ ओढली. काकांनी 'आहे' असं लिहिलं आणि मुलाखतीला वडिलांची पाणसळ घेऊन गेले. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी ती समोरच्या टेबलावर ठेवून पाहिली. टेबल कललेलं निघालं. इतकी वर्षं आपल्या पेन्सिली एकाच माणसाकडे का घरंगळत जातात, याचा त्या तिघांना त्या दिवशी उलगडा झाला, आणि काकांना नोकरी लागली.

काम तसं सोपं होतं. गावात नदीकाठच्या हॉटेलच्या तळमजल्यावर एक कॅसिनो आहे. दर सोमवारी सकाळी नऊला, गालिचे झाडायचं काम चाललेलं असताना, काका तिथे जायचे. रुलेटचं चाक म्हणजे परातीएवढं लाकडी तबक, त्यात सदतीस खण, अठरा लाल, अठरा काळे आणि एक हिरवा, वर एक पांढरी गोळी. चाक एका बाजूला केसभर कललं तरी गोळी त्याच बाजूच्या खणांत जास्त वेळा पडते, आणि ज्याला ते माहीत आहे त्याची चांदी होते. काका चारी बाजूंनी पाणसळ लावायचे, मग चाक स्वतःच्या हातानं दोनशे वेळा फिरवायचे आणि प्रत्येक वेळी पडलेला आकडा वहीत लिहायचे. डाव चालवणारी बाई समोर बसून नखं रंगवायची.

"काका, कंटाळा नाही येत?" ती विचारायची.

"येतो की."

"मग शंभरच करा. मी सांगणार नाही कोणाला."

"चाक सांगेल," काका म्हणायचे आणि एकशे बारावा आकडा लिहायचे.

हे सगळं ज्या कायद्यानुसार चालायचं, तो कायदा शंभराच्या वर वर्षांचा. तो ज्यानं लिहिला त्याला जुगार म्हणजे काय याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. 'जुगाराचे घर म्हणजे चार भिंती, छप्पर व दार असलेली अशी जागा, जेथे चाक, फासे अथवा पत्ते मांडलेले आढळतील.' तपासनीसाने सोबत पेटता कंदील न्यावा, असंही त्यात होतं. विजेच्या दिव्यांनी डोळे दिपणाऱ्या कॅसिनोत कंदील कशाला, असं काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी लेखी विचारलं. दोन वर्षं पत्रव्यवहार झाला आणि खिशातली बॅटरी हा कंदीलच समजावा, मात्र ती पेटती असावी, असा निर्णय आला. तेव्हापासून काका भर उजेडात बॅटरी लावून हिंडतात. तपासनीसाच्या घोड्याला चारा भत्ताही होता, तो अजून मिळतो. दर वर्षी अर्जात घोड्याचा रंग लिहावा लागतो. काका 'तांबडा' लिहितात, कारण ते ज्या बसनं जातात ती तांबडी आहे. खोटं लिहिलं असं त्यांना कोणी म्हणू शकणार नाही.

मग सरकारच्या लक्षात आलं की कायदा जुना झाला.

तसं ते सगळ्यांच्या लक्षात आधीच आलं होतं. लोक कॅसिनोत जायचेच बंद झाले होते. ज्याला त्याला फोनवर चाक फिरवता येत होतं, बसल्या जागी, जेवता जेवता. कायदा बदलण्यासाठी एक समिती नेमली गेली. पण नवा कायदा येईपर्यंत जुनाच चालू, आणि तेवढ्यात फोनवर चाक फिरवू देणाऱ्या एका कंपनीनं रीतसर परवान्यासाठी अर्ज केला. परवाना द्यायचा तर तपासणी हवी, तपासणी करायची तर तपासनीस हवा. साहेबांनी काकांना बोलावलं.

"जाऊन या," साहेब म्हणाले.

"चाक केवढं आहे साहेब?"

"ते तुम्हीच बघून सांगा. समितीलाही कुतूहल आहे."

कंपनीचं ऑफिस एका काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. आत दहा-बारा मुलं-मुली कानांना काहीबाही लावून बसलेली. कोणी उशीवर बसलं होतं, कोणी चेंडूवर. एकही खुर्ची सरळ नव्हती, हे काकांच्या मनाला पहिलं लागलं. व्यवस्थापक म्हणून जो पुढे आला त्याच्या शर्टाला कॉलर नव्हती.

काकांनी बॅटरी लावली. व्यवस्थापकानं आधी बॅटरीकडे आणि मग छताकडे पाहिलं. "लाईट आहेत सर."

"कायद्यानं लागते. चाक कुठंय?"

"हे काय." भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चाक होतं. फिरत होतं, चमकत होतं, गोळी टणटण उड्या मारत होती.

"हे चित्र आहे."

"हो, चित्रच आहे."

"मग खरं चाक?"

"खरं नाहीये सर."

"मग फिरतं काय?"

"तसं म्हटलं तर काहीच फिरत नाही. आकडा आधी ठरतो. चाक मग त्या आकड्यावर येऊन थांबतं. लोकांना बरं वाटावं म्हणून."

काकांनी वही उघडली होती, ती मिटली. सत्तावीस वर्षांत त्यांनी आकड्याला चाकाच्या मागे येताना पाहिलं होतं. आकड्याच्या मागून चाक येतं हे ते पहिल्यांदा ऐकत होते. "म्हणजे वरातीमागून घोडं," ते म्हणाले.

"घोड्यांचाही खेळ आहे सर आपल्याकडे. दाखवू?"

"नको. आकडा कुठून येतो?"

"यंत्रातून."

"ते दाखवा."

"ते इथे नसतं. दुसऱ्या देशात असतं."

"कुठल्या?"

व्यवस्थापकानं मागे वळून विचारलं, "अरे, आपलं यंत्र सध्या कुठं आहे?"

चेंडूवरची मुलगी म्हणाली, "मंगळवारपर्यंत तिकडेच होतं."

तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं काकांच्या ओठांवर आलं होतं. पण उत्तर मिळालं तरी आपल्याला बस कुठून पकडायची ते कळणार नाही, असं वाटून त्यांनी प्रश्न बदलला. "मग इथे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"इथे कॉफी आहे. घेणार?"

काकांनी कॉफी घेतली. कपातली कड सरळ होती. मग दुसरं काहीच सुचेना म्हणून त्यांनी पाणसळ काढून पडद्याच्या खालच्या कडेला लावली. बुडबुडा अगदी मधोमध. पडदा लावणारा कारागीर चांगला होता. काकांनी पट्टी उलटी करून पुन्हा लावली, तरी बुडबुडा मधोमधच. उपकरण सांगतंय की सगळं सरळ आहे, आणि समोर तपासायला काहीच नाही. हे म्हणजे पेशंट न येताच नाडी व्यवस्थित लागल्यासारखं होतं.

त्यांनी अहवाल लिहिला. 'दिवसा, पेटत्या कंदिलासह, पाचव्या मजल्यावरील तीन खोल्या, एक कॉफीची जागा व एक न्हाणीघर पाहिले. चाक आढळले नाही. सबब तपासणी करता आली नाही.' खाली सही, तारीख.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"न्हाणीघरात कशाला शोधलंत?" ती म्हणाली.

"सगळ्या खोल्या बघाव्यात असं कलम आहे."

"चाक काय आंघोळीला गेलं होतं?"

काकांना वाटलं, विषय संपला. चाक नाही तर तपासणी नाही, तपासणी नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर कंपनी आपला गाशा गुंडाळेल. त्यांच्या डोक्यात हे असं भिंतीसारखं उभं होतं, विटेवर वीट.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. सरकारचे मनापासून आभार मानलेले. सरकारच्या स्वतःच्या तपासनीसाने, कंदिलासह, न्हाणीघरापर्यंत पाहणी करून चाक नसल्याचा निर्वाळा दिला आहे. कायद्याप्रमाणे चाक, फासे अथवा पत्ते आढळतील तेच जुगाराचे घर. सबब आमचे हे जुगाराचे घर नव्हे. सबब आम्हाला परवान्याची गरज नाही, अर्ज मागे घेत आहोत. पत्राची एक प्रत समितीकडे गेली होती. समितीला तर आयतंच मिळालं. नव्या मसुद्यात फोनवरच्या खेळांना 'करमणूक' म्हणावं आणि कायद्यातून वगळावं, अशी सूचना तिथे कोणीतरी मांडली, आणि आधार म्हणून काकांचा अहवाल जोडला.

कचेरीत एकच गोंधळ उडाला. एक कारकून काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं तुम्हाला. किती मिळाले?" दुसरा म्हणाला, "गप रे, त्यांना काही कळलेलं नाही." दुसऱ्याचं बोलणं काकांना जास्त लागलं, कारण तेच खरं होतं. त्यांनी अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं कुठून आलं मग?

त्याच रविवारी मेहुणा आला. काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यानं शिंपी, दोन गल्ल्या सोडून दुकान. हातात पेढे असावेत अशा थाटात हातात फोन.

"भाऊजी, तुम्ही तर हिरो झालात."

फोनवर त्याच कंपनीचा खेळ. चाकाच्या वर हिरवी पट्टी आणि पट्टीवर अक्षरं, 'सरकारी तपासनीसांनी प्रत्यक्ष पाहणी केलेले.'

"हे तुम्हीच ना?" मेहुणा म्हणाला. "मी दुकानात सगळ्यांना सांगतो, आमच्या भाऊजींनी बघितलंय म्हटल्यावर डोळे मिटून खेळा."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाहणी केली होती, हेही खरंच होतं.

"तू खेळतोस?" त्यांनी विचारलं.

"अधूनमधून."

बायको आतून म्हणाली, "अधूनमधून म्हणजे टाके घालता घालता. परवा माझ्या ब्लाऊजला एक बाही मोठी आणि एक लहान."

चहा झाल्यावर काका मेहुण्याबरोबर त्याच्या दुकानात गेले. पाणसळकाकांना कुठेही गेलं की आधी जमीन बघायची सवय. दुकानाच्या कोपऱ्यात फरशीवर चार ठसे दिसले, चौकोनात, आतली फरशी उजळ आणि भोवती मळकी. तिथे कडा शिवायचं मशीन असायचं. काकांच्या बायकोनंच घेऊन दिलं होतं ते, दुकान काढलं तेव्हा.

"दुरुस्तीला दिलंय?"

"विकलं," मेहुणा म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे घेणार परत. ताईला नका सांगू. तसं माझं नशीब चांगलं आहे भाऊजी. सरावाच्या खेळात तर मी राजा आहे. खोटे पैसे असतात ना, तिथे लावेन ते येतं. खरे लावले की काय होतं कळत नाही. हात थरथरतो बहुतेक."

"हात? हातानं काय करायचं असतं?"

"नुसतं बोट टेकवायचं."

"मग थरथरला तर काय फरक पडतो?"

मेहुणा विचारात पडला. काकाही पडले.

मग काकांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं, कारण दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. वही काढली. मेहुण्याकडून सरावाचा खेळ उघडून घेतला आणि फक्त लालवर बोट टेकवत दोनशे वेळा चाक फिरवलं. आकडा पडला की लिहायचा. अर्ध्या तासाच्या आत काम झालं. एवढ्या वेळात खऱ्या चाकाचे वीस फेरे होतात, हे पाहून त्यांना थोडं दुःखच झालं. खरे पैसे लावायचा प्रश्न नव्हता, पण मेहुण्यानं आजवर खेळलेले सगळे डाव फोनमध्ये साठवलेले होते. त्यातले त्यानं लालवर लावलेले शेवटचे दोनशे काकांनी एकेक करून उतरवले. मेहुणा शेजारी बसून परकरांना नाड्या ओवत होता.

नदीकाठच्या चाकावर दोनशे फेऱ्यांत लाल शहाण्णव-सत्त्याण्णव वेळा येतं. फार तर दहा इकडे, दहा तिकडे. काकांनी हे इतक्या सोमवारी पाहिलं होतं की ते त्यांना आपल्या वाढदिवसासारखं पाठ होतं. सरावाच्या खेळात लाल एकशे चोवीस वेळा आलं होतं. मेहुण्याच्या खऱ्या डावांत एकाहत्तर वेळा.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग मेहुण्याला मोजायला लावलं. शिंपी माणूस, मापाला पक्का. एकाहत्तरच.

"म्हणजे काय भाऊजी?"

"मला कळत नाही," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं. "पण कललेलं आहे."

"काय कललेलं आहे? चाक तर नाही म्हणता."

"तेच तर कळत नाही."

पुढच्या आठवड्यात समितीनं काकांना साक्षीला बोलावलं. अहवाल लिहिणाऱ्यानं समोर येऊन तो आपलाच असल्याचं सांगावं, एवढंच काम होतं. साहेबांनी त्यांना आदल्या दिवशी केबिनमध्ये बसवून घेतलं आणि दार लावलं.

"हे बघा, तुमच्या भल्याचं सांगतो," साहेब म्हणाले. "उद्या एवढंच म्हणायचं, चाक असेल तिथे तपासणी, नसेल तिथे नाही. म्हणजे नव्या कायद्यात कॅसिनोचं कलम जसंच्या तसं राहील आणि तुमचं पदही राहील. फोनबिनचं काय ते करमणूक खातं बघेल. पण तुम्ही जर म्हणालात, की चाक नसलं तरी जुगार असतो, तर चाक हा शब्दच कायद्यातून काढतील. चाक गेलं तर चाक तपासनीस कशाला? परिशिष्टात तुमच्या पदापुढे आत्ताच फुली मारून ठेवली आहे. पेन्सिलीनं आहे, म्हणून सांगतोय."

"साहेब, माझी अजून सहा वर्षं आहेत."

"म्हणून तर सांगतोय."

काका घरी आले ते डोक्यात चाक घेऊनच. नोकरी सोडून त्यांना येत होतं काय? गवंडीकाम वडिलांनी शिकू दिलं नाही. फोन त्यांना उलटा धरता येत होता, एवढंच. बायकोला सांगावं, तर मशीनचं सांगावं लागलं असतं, आणि मशीनचं सांगितलं की तिनं आधी भावाला फैलावर घेतलं असतं आणि मग नवऱ्याला. शेवटी त्यांनी सांगितलंच, दोन्ही. तिनं बाह्या लहान-मोठ्या झालेला तो ब्लाऊज पिशवीत भरला आणि पिशवी दाराशी ठेवली.

मग ती म्हणाली, "मशीनचं त्याचं मी बघते. तुम्ही उद्या काय बोलणार?"

"तेच कळत नाही. चाक आढळलं नाही हे लिहिलं, ते खरं आहे. आता तेच पुन्हा म्हणायचंय. खरं बोलायचंय, नोकरीही राहणार. मग मला बरं का वाटत नाही?"

"शर्ट इस्त्री करून ठेवते," ती म्हणाली.

समितीची खोली लांबोडकी होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना चार सभासद, एका टोकाला कंपनीचे वकील, दुसऱ्या टोकाला साहेब. काकांना मधे बसवलं.

"हा अहवाल तुमचाच?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो बाई."

"चाक आढळले नाही, हे बरोबर?"

"हो बाई."

वकिलांनी मान डोलावली. साहेबांनी डोळे मिटले. इथे काकांनी थांबायचं होतं. ते थांबलेही. अध्यक्षबाईंनी कागद उलटला. आणि काका म्हणाले, "पण मी खोल्यांत शोधलं."

"मग कुठे शोधायचं होतं?"

"माझ्या मेहुण्याच्या खिशात. चाक तिथे होतं."

वकील उभे राहिले. "मेहुण्याच्या खिशाला चार भिंती आहेत का?"

"नाहीत," काका म्हणाले.

"दार?"

"नाही."

"छप्पर?"

एक सभासद पुटपुटले, "काही खिशांना झाकण असतं." अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

काकांनी वही काढून पुढे केली. दोनशे आणि दोनशे, वर 'सराव' आणि 'खरे' असं लिहिलेलं. खाली बेरीज, बेरजेखाली शिंप्याची सही, साक्षीदार म्हणून. त्यांनी सांगितलं ते काही नीट लावून सांगितलं नाही. मधेच कॅसिनोतल्या बाईची नखं आली, मधेच कडा शिवायचं मशीन. "चाक कललं की मला कळतं," ते म्हणाले. "हे चाक नाही, म्हणून माझी पट्टी लागत नाही. पण आकडे लिहिले की कळतं. फुकट खेळणाऱ्याकडे ते इकडे कलतं आणि पैसे लावणाऱ्याकडे तिकडे. कसं ते मला विचारू नका. यंत्र मंगळवारपर्यंत दुसऱ्या देशात होतं, पुढचं माहीत नाही."

"दोनशे डावांवरून काहीही सिद्ध होत नाही," वकील म्हणाले.

"नसेल होत," काका म्हणाले. "मग तुम्ही लिहून बघा. वही देतो."

वकील खाली बसले.

अध्यक्षबाईंनी दोन्ही पानं बोट ठेवून ठेवून वाचली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मते जुगार म्हणजे काय? व्याख्या करायची झाली तर?"

"मला नाही सांगता येणार बाई. आधी वाटायचं, मला माहीत आहे. चार भिंती आणि चाक. आता वाटतं, मी सत्तावीस वर्षं लाकूड तपासत होतो."

"हे मसुद्यात कसं लिहायचं?" एका सभासदानं हळूच विचारलं. सगळ्यांच्या कपाळांवर आठ्या होत्या. आपल्याला पडलेलं कोडं एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांनाही पडलंय, हे पाहून काकांना त्या दिवशी पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

"एक शेवटचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चाक हा शब्द काढला तर चाक तपासनीस हे पद उरत नाही. तुमच्या साहेबांनी सांगितलं असेलच. तुम्हीच सांगा, ते पद ठेवावं का?"

साहेबांनी पुन्हा डोळे मिटले.

काकांना, त्यांनी मला सांगितलं ते असं, त्या क्षणी वडील आठवले नाहीत, बायको आठवली नाही, मेहुणाही नाही. आठवले फक्त ते एकाहत्तर. "चाक बघायला माणूस नको बाई," ते म्हणाले. "आकडे लिहून घ्यायला मात्र लागेल कोणीतरी. फुकटचे वेगळे, पैशाचे वेगळे. आणि ते त्यांच्या ऑफिसात जाऊन नाही, खेळणाऱ्याच्या शेजारी बसून."

"ते तुम्ही कराल?"

"मला फोन नीट येत नाही."

"मी विचारलं ते हे नाही."

"मग ते मला कळलं नाही बाई."

अध्यक्षबाईंनी परिशिष्टाचं पान मागवलं. पदांच्या यादीत काकांच्या पदापुढे पेन्सिलीची फुली होती. त्यांनी ती खोडरबरानं पुसली. मग 'चाक' या शब्दावर पेनानं रेघ मारली. मागे नुसता 'तपासनीस' उरला, कशाचा ते न लिहिता. त्यापुढे त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान सचिवाकडे दिलं. वही त्यांनी ठेवून घेतली आणि तिची पावती दिली. फोनवरचे खेळ वगळण्याची सूचना बाजूला ठेवली, फेरविचारासाठी. पुढची बैठक महिन्यानं.

बाहेरच्या जिन्यात साहेब म्हणाले, "तुमचं काय करावं तेच कळत नाही."

"मलाही," काका म्हणाले.

दुपारी ते घरी आले तेव्हा बायको भावाच्या दुकानातून नुकतीच परतली होती. तिचा आवाज बसला होता. तिथे काय झालं ते विचारायची गरज नव्हती. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

"बोललात?"

"बोललो."

"मग, नोकरी राहिली की गेली?"

"चाक गेलं. तपासनीस राहिला. पण कशाचा ते रिकामं ठेवलंय. पुढे प्रश्नचिन्ह आहे."

"पेन्सिलीनं की पेनानं?"

काकांनी आठवून पाहिलं. "पेनानं."

तिनं जरा विचार केला. या माणसाबरोबर एवढी वर्षं काढल्यावर कुठला प्रश्न सोडवता येतो आणि कुठला नाही, हे तिला कळत होतं. "मग उद्या डबा करू की नको?"

"कर," काका म्हणाले. "कुठं बसून खायचा, ते उद्या बघू."